बाई, वाचा

साहेबांचं प्रत्येक वाक्य 'मी'पासून सुरू व्हायचं आणि साहेबांच्या कागदावर 'मी' शोधून सापडायचा नाही. या दोन गोष्टींच्या मधे बाई बसलेल्या असायच्या.

बाई म्हणजे धरणाच्या मुख्य कचेरीतल्या लघुलेखिका. सगळी कचेरी त्यांना नुसतं 'बाई' म्हणायची. साहेब बोलत, बाई लघुलिपीत उतरवून घेत आणि मग टाइप करत. साहेब म्हणाले, "मी त्याला चांगला झापला," की कागदावर यायचं, 'संबंधितांस समज देण्यात आली.' साहेब म्हणाले, "मी ती टपरी पाडून टाकली," की कागदावर यायचं, 'सदर अडथळा दूर करण्यात आला.' कोणी दिली, कोणी केला, देव जाणे. कचेरीच्या भाषेत सगळी कामं आपोआप होतात. एकतीस वर्षांत बाईंनी चार साहेबांचे 'मी' असे पुसून दिले होते आणि या साहेबांचे तर अकरा वर्षं. आता ते डिक्टेशन संपवताना एवढंच म्हणायचे, "नेहमीसारखं करा."

साहेबांना पाठीमागे सगळे 'कर्तव्यराव' म्हणत. तो शब्द त्यांच्या तोंडात सुपारीसारखा सतत असायचा. स्वतःच्या आईचा अंत्यविधी आटोपून ते दोन तासांत कामावर हजर झाले होते. हे सगळ्यांना माहीत होतं, कारण ते स्वतःच सगळ्यांना सांगत. एका कारकुनाने वडील गेले म्हणून चार दिवसांची रजा मागितली, तर त्याला त्यांनी हीच गोष्ट ऐकवली आणि अर्ज परत दिला. कचेरीची गाडी घरच्या कामाला नेली म्हणून एका ड्रायव्हरला त्यांनी घरी बसवलं आणि त्याच गाडीतून साहेबांची मुलगी रोज पोहण्याच्या क्लासला जात राहिली. त्याचंही उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. "मुलगी वेळेवर पोचली तर माझं डोकं शांत राहतं. माझं डोकं शांत, तर धरण शांत." यावर कोणी काय बोलणार?

बरं, माणूस कामचुकार असता तर शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. तसंही नाही. धरणाचा एकेक बोल्ट त्यांना तोंडपाठ होता. भिंतीत कुठे ओल आली हे ते हात लावून सांगत. लाच घेत नसत, दांडी मारत नसत. म्हणूनच त्यांचा राग यायचा तो नुसता आत साठत राहायचा, बाहेर काढायला वाटच मिळायची नाही.

त्यांचे हुकूम नेहमी तोंडी असत. इतरांकडून मात्र सगळं लेखी हवं. आठ वर्षांपूर्वी एकदा चुकून भोंगा वाजला, खालच्या गावात पळापळ झाली, तेव्हा त्यांनी दरवाजाच्या ऑपरेटरना उभं करून सांगितलं, "यापुढे माझ्या हुकमाशिवाय भोंगा वाजणार नाही आणि दरवाजा उघडणार नाही." छापील नियमात होतं की दरवाजा उघडण्याआधी अर्धा तास ऑपरेटरने भोंगा वाजवावा. तो नियम तसाच छापील राहिला. तोंडी हुकूम तोंडी राहिला. दोन्ही पाळायचे कसे, ते ऑपरेटरने बघून घ्यावं.

त्या ऑपरेटरांपैकी एक बाईंचा सख्खा धाकटा भाऊ होता.

*

दरवर्षी नवीन लागलेल्या लोकांसमोर साहेबांचं भाषण होत असे. विषय वेगळा सांगायला नको. हॉलचं दार बंद, सगळ्यांचे फोन बाहेर टोपलीत, साहेबांचासुद्धा. "आग लागली तरी आत यायचं नाही," असं शिपायाला बजावलेलं. बाई पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात वही घेऊन बसत, कारण भाषण शब्द न् शब्द उतरवून घ्यायचं असे. बाईंना लघुलिपी शिकवणाऱ्या मास्तरांनी त्यांना दोन सवयी लावल्या होत्या. एक म्हणजे ऐकलं ते लिहायचं, शहाणपण घरी ठेवून यायचं. दुसरी म्हणजे पान उलटलं की, किंवा बोलणाऱ्यात खंड पडला की, समासात घड्याळाची वेळ टाकायची.

त्या दिवशी सकाळपासून वरच्या डोंगरात पाऊस कोसळत होता. भाषण दोनला सुरू झालं. साहेब म्हणत होते, "कर्तव्य म्हणजे काही मोठी गोष्ट नाही. हाक आली की उठायचं, त्याला कर्तव्य म्हणतात." तेवढ्यात दार किलकिलं झालं. शिपाई आत आला, पाचावर धारण बसल्यासारखा चेहरा करून. त्याने साहेबांच्या हातात चिठ्ठी दिली. साहेबांनी वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. शिपायाकडे असं बघितलं की तो उलट्या पावली बाहेर गेला. मग साहेबांचा धागा तुटला. असं झालं की ते एकच करत.

"बाई, वाचा."

बाई उठल्या आणि शेवटचं वाक्य वाचलं. "हाक आली की उठायचं, त्याला कर्तव्य म्हणतात."

"हां," साहेब म्हणाले, "हाक आली की उठायचं," आणि पुढे आईच्या अंत्यविधीची गोष्ट सुरू झाली. बाईंनी समासात वेळ टाकली आणि खंड कशाने पडला तेही नोंदवलं.

चिठ्ठीत काय होतं ते बाईंना शिपायाने नंतर सांगितलं. धरणावरून भावाचा फोन आला होता आणि शिपायाने त्याचे शब्द तसेच कागदावर उतरवले होते, 'पाणी खुणेच्या वर. भोंग्याचा हुकूम हवा.' साहेबांना वाटलं असणार, अजून तास-दीड तास आहे. धरण आपल्याला ठाऊक आहे. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे. त्या दिवशी चुकला.

तीन वाजायला तीन मिनिटं कमी असताना टाळ्या झाल्या. साहेब बाहेर आले, टोपलीतला फोन उचलला आणि त्यावर धरणावरून आलेले अकरा कॉल बघून त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तीनला त्यांनी कंट्रोल रूमला फोन केला. पाचव्या मिनिटाला सगळे दरवाजे वर गेले. भोंगा वाजला नाही.

धरण वाचलं. शहर वाचलं. खालच्या काठाला एक नावाडी आपली नाव दोराने वर ओढून बांधत होता, तो तेवढा नाही वाचला. दुसऱ्या दिवशी तो वळणावरच्या बाभळीत अडकलेला सापडला.

*

तिसऱ्या दिवशी भावाला सस्पेंड केलं. कंट्रोल रूमच्या रजिस्टरमध्ये तीनच रकाने होते: वेळ, काय केलं, कोणी केलं. 'कोणाच्या सांगण्यावरून' असा रकानाच नव्हता. त्यामुळे 'कोणी केलं'मध्ये भावाचं नाव होतं, त्याच्याच वळणदार अक्षरात. पोलीस एकदा घरी येऊन गेले होते. भावजयीचा फोन दिवसातून चारदा यायचा आणि प्रत्येक वेळी ती तेच विचारायची, "ताई, तुम्ही तर साहेबांच्या शेजारी बसता. काहीतरी बोला ना."

बाई बोलल्या. ज्या दिवशी चौकशी समितीला पाठवायचा अहवाल लिहायचा होता, त्या दिवशी सकाळी साहेबांनी त्यांना आत बोलावलं.

"बसा, बाई. भावाचं कळलं. मला वाईट वाटतंय. खोटं नाही सांगत."

"साहेब, त्याने तुम्हाला विचारलं होतं. भोंगा वाजवू का म्हणून."

"विचारलं होतं. मी नाही कुठे म्हणतोय? तुमच्यासमोर मी कधी खोटं बोललोय?"

"मग कागदावर तसं येऊ द्या."

"कागद माझा नसतो, बाई. कागद धरणाचा असतो." साहेब समजुतीच्या सुरात बोलत होते. त्या सुराने बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "उद्या लोक म्हणाले, या धरणाचा मुख्यच भोंगा वाजवू देत नाही, तर पुढच्या वेळी भोंगा ऐकून कोण हलणार आहे? खाली चाळीस हजार माणसं राहतात. त्यांचा भरवसा घालवायचा, की एका ऑपरेटरची नोकरी घालवायची? तुम्हीच सांगा. चांगुलपणा घरी ठीक असतो. इथे कर्तव्य."

"नोकरीचं सोडा साहेब, तुरुंगात जाईल तो."

"मग तेही त्याचं कर्तव्यच आहे. मी त्याच्या जागी असतो तर आनंदाने गेलो असतो."

हे म्हणून त्यांनी चहात बिस्किट बुडवलं. बाई बघत राहिल्या. तोंडावर मारण्याजोगं एकही वाक्य त्यांना सुचेना. एकतीस वर्षं दुसऱ्याची वाक्यं लिहिणाऱ्या माणसाचं असंच होतं, ऐन वेळी स्वतःचं काही सापडत नाही.

"घ्या," साहेब म्हणाले.

बाईंनी वही उघडली. साहेबांनी आधी पावसाचे आकडे सांगितले, पाण्याची पातळी सांगितली, भिंतीवरचा दाब सांगितला. मग ते खुर्चीत मागे रेलले आणि नेहमीसारखे गोष्ट सांगावी तसे बोलू लागले. "तीन वाजता मी कंट्रोल रूमला फोन लावला. मी म्हटलं, सगळे दरवाजे उघड, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, साहेब, भोंगा? मी म्हटलं, भोंगा राहू दे, अर्धा तास थांबलो तर धरण जाईल. त्याने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. मी ते केलं नसतं तर आज हे शहर नसतं." यात त्यांचा आवाज थोडा चढलासुद्धा. आपल्या धडाडीचं त्यांना मनापासून कौतुक होतं. चिठ्ठीचा मात्र त्यात उल्लेख नव्हता. "लिहिलंत? हं. नेहमीसारखं करा. चारला सहीला आणा."

बाई आपल्या टेबलाशी येऊन बसल्या. बोटांनी नेहमीसारखं करून टाकलं, डोक्याला विचारलंसुद्धा नाही. 'दुपारी तीन वाजून पाच मिनिटांनी दरवाजे उघडण्यात आले. तत्पूर्वी भोंगा वाजवण्यात आला नाही. त्या वेळी कर्तव्यावर असलेला कर्मचारी,' आणि पुढे भावाचं नाव यायचं होतं. अख्ख्या अहवालात 'कर्तव्य' हा शब्द एकदाच येणार होता आणि तो धाकट्याच्या गळ्यात. नावाच्या पहिल्या अक्षरावर बाईंचं बोट अडलं. ते नाव त्याला त्यांनीच ठेवलं होतं, वयाच्या नवव्या वर्षी, पाळण्यापाशी हट्ट करून.

त्यांनी दुसरं पान पुसलं. पहिलं पान राहू दिलं. त्यात पाऊस होता आणि पातळी होती. मग वही समोर धरली आणि मास्तरांनी शिकवल्याप्रमाणे ऐकलं ते लिहिलं. 'तीन वाजता मी कंट्रोल रूमला फोन लावला. मी म्हटलं, सगळे दरवाजे उघड.' एक शब्द घातला नाही, एक काढला नाही. टायपिंगची चूक एकही झाली नाही.

चारला साहेबांसमोर सह्यांची चळत होती. अहवाल वरच ठेवलेला. साहेबांनी पहिलं पान वाचलं, अगदी स्वल्पविरामासकट. "सुरेख," साहेब म्हणाले आणि दुसऱ्या पानाच्या तळाला सही ठोकली. "तुम्ही असलात की मला वाचावं लागत नाही, बाई." साडेचारला पाकीट रवाना झालं.

*

समितीत तिघं होते आणि अध्यक्ष होते एक निवृत्त न्यायाधीश. बैठकीचं टिपण घ्यायला बाई कोपऱ्यात बसल्या होत्या. बाहेरच्या बाकावर एका टोकाला भाऊ आणि दुसऱ्या टोकाला नावाड्याची बायको, मधे रिकामी जागा.

अध्यक्षांनी अहवाल उचलला. "तीस वर्षं मी असले अहवाल वाचतोय," ते म्हणाले. "अमुक करण्यात आलं, तमुक करण्यात आलं. करणारा कोण, ते शोधण्यात माझे केस गेले. आज पहिल्यांदा एका अधिकाऱ्याने लिहिलंय, मी केलं. ऑपरेटरने दोनदा विचारलं, मी दोनदा नाही म्हटलं. अशी हिंमत मी पाहिलेली नाही."

साहेबांना काही कळेना. त्यांनी प्रत मागून घेतली, दुसरं पान वाचलं. मग मान वळवून बाईंकडे पाहिलं. बाईंनी वहीतून डोकं वर काढलं नाही. आता फुटणार, आता हा माणूस ओरडणार, की हे मी सांगितलंच नाही. सही त्यांची होती, पण सही नाकारणारेही असतात.

साहेब ओरडले नाहीत. त्यांनी कागद खाली ठेवला आणि अगदी नम्र आवाजात म्हणाले, "कर्तव्य होतं, सर."

बाईंनी तेही लिहिलं.

"भोंग्याला खरंच वेळ नव्हता?" अध्यक्षांनी विचारलं.

"नव्हता, सर. तीन वाजता अर्धा तास कुठून आणू?"

हेही खरंच होतं, म्हणूनच तर जीव जळायचा. तीन वाजता वेळ नव्हता. वेळ होता तो दोन वाजून दहा मिनिटांनी, आणि तो साहेबांच्या खिशात घडी घालून ठेवलेला होता. बाईंना हे ठाऊक होतं. शिपायाला ठाऊक होतं, पण शिपायाला कोणी आत बोलावलंच नाही आणि तो दारात मूग गिळून उभा राहिला. बाईंनी तोंड उघडलं असतं तर? टेबलावर भावाची फाइल उघडी होती आणि अध्यक्ष तिच्यावर 'दोष आढळला नाही' असं लिहायच्या बेतात होते. मधेच दोन-दहा आलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून. तारखा, साक्षी, पोलीस, भाऊ पुन्हा बाकावर. बाई गप्प बसल्या. पेनचा आवाज ऐकू आला, फाइल मिटली. बाहेर जाताना नावाड्याच्या बायकोने त्यांना विचारलं, "काय ठरलं हो बाई?" आणि बाई म्हणाल्या, "कळवण्यात येईल." हे शब्द आपल्या तोंडून गेले हे त्यांना जिना उतरल्यावर कळलं, आणि त्यांना स्वतःची शिसारी आली.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "बाई, तुमच्याकडून चूक झाली."

"हो साहेब."

"पुन्हा होऊ देऊ नका." मग थोडं हसले. "पण चूक कामाची निघाली."

खरंच निघाली. जबाबदारी स्वीकारणारा अधिकारी म्हणून साहेबांचा सत्कार झाला, मानपत्र मिळालं. ते त्यांनी टेबलामागच्या भिंतीवर अशा जागी लावलं की समोर बसणाऱ्याला ते चुकवता येऊ नये. मानपत्राचा मजकूरही बाईंनीच टाइप केला होता.

*

भाऊ कामावर परत गेला. सगळ्यांना वाटलं, संपलं. पण त्याच्या जेवणावरची वासना उडाली ती उडालीच. वर्ष होत आलं तरी तो सुधारेना. एका सुट्टीच्या दुपारी बाई त्याच्याकडे गेल्या तेव्हा तो खिडकीशी बसून नखं कुरतडत होता. समोरचं ताट तसंच.

"ताई, एक विचारू? मी दोन-दहाला फोन केला होता. ते अहवालात का नाही?"

"साहेबांनी सांगितलंच नाही, तर मी काय लिहिणार?"

"तुझ्या वहीत आहे ना पण? तू वेळ टाकतेस."

"आहे."

"मग?"

"मग काय?" बाई चिडल्या. भावावर नव्हे खरं तर, पण समोर तोच होता. "तुला पुन्हा त्या बाकावर नेऊन बसवू? सुटलास हे पुरे नाही का?"

"कुठे सुटलोय? तो नावाडी रोज ड्यूटी बदलताना खालून हात करायचा मला. त्या दिवशी पण केला. मी दरवाजाचं बटण दाबलं तेव्हा तो खाली आहे, हे मला माहीत होतं, ताई. मी काचेवर हात आपटले. त्याला वाटलं, मी नेहमीसारखा हात करतोय."

भावजय आतून आली. "ताई, जाऊ द्या ना आता तो विषय," ती म्हणाली. "साहेबांशी वाकडं घेऊन आपल्याला काय मिळणार आहे? तुमची चार महिन्यांची नोकरी राहिली. नीट पार पडू द्या." तिचंही चुकत नव्हतं. त्या घरात कोणाचंच चुकत नव्हतं, आणि तरी भाऊ आठवड्यागणिक वाळत चालला होता.

घरी आल्यावर बाईंनी माळ्यावरून गेल्या वर्षीची वही काढली, पदराने पुसली आणि पिशवीत टाकली. काय करायचं ते ठरलं नव्हतं. नुसती बरोबर असू दे, एवढंच.

*

पुढल्याच आठवड्यात साहेबांचं वार्षिक भाषण होतं. तोच हॉल, तेच बंद दार, टोपलीत फोन. बाई त्याच कोपऱ्यात. मांडीवर नवी वही, तिच्याखाली जुनी.

या वर्षी साहेबांनी आईच्या अंत्यविधीची गोष्ट पाच मिनिटांत उरकली. त्यांच्याकडे आता त्याहून सरस गोष्ट होती. "इथे कागदावर कोणी 'मी' लिहीत नाही," ते म्हणाले. "सगळे हात झटकतात. मी लिहिलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. मी त्या दिवशी ठरवलं, की माझ्या हाताखालच्या माणसाच्या डोक्यावर खापर फुटू द्यायचं नाही. धरणही वाचवायचं आणि माणूसही." नवीन लोक भारावून ऐकत होते. एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. बाईंचं पेन चालत होतं. शब्द न् शब्द. 'मला कोणी सांगितलं नव्हतं.' ओरडावं, वही फेकावी, निदान उठून जावं, असं फार वाटलं. आणि हात लिहीतच राहिला.

टाळ्या लांबल्या. साहेबांनी हसून हात वर केला, पाणी प्यायले आणि त्यांचा धागा तुटला.

"बाई, वाचा."

बाई उठल्या. मांडीवरची नवी वही त्यांनी खुर्चीवर ठेवली आणि जुनी उघडली. खुणेची दोरी त्याच पानात होती.

"हाक आली की उठायचं, त्याला कर्तव्य म्हणतात," बाईंनी वाचलं. "दोन वाजून दहा मिनिटं. शिपाई आत आला. साहेबांना चिठ्ठी दिली. साहेबांनी वाचली, खिशात ठेवली. पुढे बोलले."

"बाई," साहेब म्हणाले, "हे आजचं नाही."

"नाही साहेब. गेल्या वर्षीचं आहे. दरवाजे उघडले त्या दिवशीचं. तुम्ही नुसतं 'वाचा' म्हणालात, तारीख नाही सांगितली."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. बाई थांबल्या नाहीत. वाचणं त्यांना येत होतं; आयुष्यभर तेच केलं होतं. "माझी आई गेली तेव्हा मी दोन तासांत कामावर हजर होतो. दोन वाजून बावीस मिनिटं. पान दुसरं. माणसाने घड्याळाशी इमान राखलं पाहिजे. दोन पस्तीस. पान तिसरं."

"बाई, बसा खाली!"

"दोन सत्तेचाळीस. पान चौथं. मी कधी कोणाला वाट बघायला लावली नाही. दोन सत्तावन्न. टाळ्या." बाईंनी मान वर केली. "चिठ्ठीत काय होतं, ते माझ्या वहीत नाही. मला दिसलं नव्हतं. तीन-पाचला भोंग्याशिवाय दरवाजे उघडले आणि खाली नावाडी होता."

साहेबांचा चेहरा लालबुंद झाला होता. ते नव्या लोकांकडे वळले आणि जमेल तेवढं हसत म्हणाले, "बाईंचं वय झालंय. ती लिपी दुसऱ्या कोणाला वाचता येत नाही. त्यात काय लिहिलंय, कोणी सांगावं?"

ते अगदी खरं होतं. कचेरीत लघुलिपी जाणणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. त्या रेघोट्यांना बाईंशिवाय साक्षीदार नव्हता, आणि बाईंना चार महिन्यांनी कोणी विचारणार नव्हतं. त्यांनी वही मिटली. सगळं करून शेवटी हेच, असं त्यांच्या मनात आलं.

दार किलकिलं झालं. शिपाई आत आला. या वर्षीही त्याला बजावलेलं होतं, आग लागली तरी आत यायचं नाही. त्याच्या हातात काही नव्हतं.

"चिठ्ठी मी आणली होती," तो म्हणाला. "मीच लिहिली होती. पाणी खुणेच्या वर, भोंग्याचा हुकूम हवा. दोन-दहालाच दिली. मी अजून सही करून द्यायला तयार आहे."

बाई खाली बसल्या. त्यांनी नवी वही उघडली, समासात वेळ टाकली आणि शिपायाचं बोलणं उतरवून घेतलं, त्यातल्या 'मी'सकट.